१९१९ ते १९३९ : साम्राज्यवाद आणि राष्ट्रवादी चळवळी आडव्या कशा वाचायच्या

दोन महायुद्धांमधली वीस वर्षं अभ्यासायला घेतली की जवळजवळ सगळेच देशवार वाचायला लागतात. आधी भारत संपवायचा, मग चीन, मग तुर्कस्तान, मग इजिप्त, आणि वेळ उरलाच तर आफ्रिका, जो कधीच उरत नाही. मी पण बरीच वर्षं असंच वाचलं. नोट्स भरपूर झाल्या, तारखा पाठ झाल्या, पण कुणी विचारलं की हे सगळं एकाच वेळी का पेटलं, तर नीट उत्तर देता यायचं नाही, कारण माझ्या वहीत कोरिया पान ४० वर होता आणि अमृतसर पान ३ वर, आणि मधे सदतीस पानांची भिंत.

ही भिंत पाडायची साधी पद्धत म्हणजे आडवं वाचायचं. उभं वाचन म्हणजे एका देशाची वीस वर्षं, आणि आडवं वाचन म्हणजे एका महिन्यात सगळे देश. दोन्ही लागतं, पण सुरुवात आडव्यापासून करा. परीक्षेसाठी वाचत असाल, शिकवत असाल किंवा नुसती आवड असेल, तिन्हींना हे चालतं.

तक्ता आखणं

एक मोठा कार्डशीट घ्या, वहीचं पान पुरत नाही. वरून खाली देश लिहा, डावीकडून उजवीकडे वर्षं. भारत, इजिप्त, तुर्कस्तान, सीरिया-इराक-पॅलेस्टाईन, कोरिया, चीन, व्हिएतनाम, ब्रह्मदेश, नायजेरिया आणि आयर्लंड एवढ्या ओळी पुरतात. सगळ्यात वर एक वेगळी ओळ ठेवा, तिला नाव द्या "निर्णय जिथे झाले ते", म्हणजे पॅरिस, लंडन, जिनिव्हा, टोकियो. ही वरची ओळ फार महत्त्वाची आहे, कारण चळवळी हवेतून येत नाहीत, त्या कुठल्यातरी टेबलावर झालेल्या निर्णयाला उत्तर म्हणून येतात, आणि निर्णय नि उत्तर एकाखाली एक दिसले की निम्मं काम होतं.

१९१९ हे वर्ष मात्र एका रकान्यात मावणार नाही, त्याचे बारा महिने वेगळे पाडा, आणि एप्रिलला तर आठवड्यांचे रकाने करा. का ते लगेच दाखवतो.

११ एप्रिल १९१९. पॅरिसच्या शांतता परिषदेत राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) घटनेवर चर्चा चालू आहे आणि जपानने ठराव मांडलाय की वंशांच्या समानतेचं तत्त्व त्यात घालावं. १७ पैकी ११ मतं बाजूने पडतात, अध्यक्षस्थानी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन आहेत, ते म्हणतात एकमत नाही म्हणून ठराव पास नाही. त्याच दिवशी शांघायमध्ये परागंदा कोरियन लोक हंगामी सरकार स्थापन करतात, कोरिया ज्याची वसाहत आहे त्याच जपानच्या विरोधात. दोन दिवसांनी, १३ एप्रिलला, अमृतसरच्या जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावरून साधारण दहा मिनिटांत १६५० फैरी झाडल्या जातात, सरकारी आकडा ३७९ मृतांचा, लोकांच्या मते त्याहून कितीतरी जास्त. आणि १५ एप्रिलला कोरियातल्या जेआम-री नावाच्या खेड्यात जपानी सैनिक गावकऱ्यांना चर्चमध्ये बोलावतात, दारं बंद करतात, गोळ्या घालतात आणि चर्च पेटवून देतात.

पाच दिवस फक्त. ह्या चार नोंदी एका रांगेत लिहून जरा थांबा आणि बघा. जगातल्या सगळ्या वंशांना समान माना म्हणणारा देश पाचव्या दिवशी आपल्या वसाहतीत चर्च जाळतोय. आणि तो समानतेचा ठराव अडवणाऱ्यांमधल्या एका साम्राज्याचा जनरल मधल्याच दिवशी बागेत गोळ्या झाडतोय. देशवार वाचताना हे कधीच दिसत नाही. मी पहिल्यांदा ह्या तारखा एका रांगेत लिहिल्या तेव्हा बराच वेळ पुढचं काही लिहिता आलं नाही.

आता त्याच्या मागचे-पुढचे महिने भरा. १ मार्चला सोलमध्ये ३३ जणांच्या सह्यांचं स्वातंत्र्याचं घोषणापत्र वाचलं जातं, माजी सम्राट गोजोंग यांच्या अंत्ययात्रेसाठी गावोगावचे लोक राजधानीत आलेले असतात म्हणून तो मुहूर्त. ८ मार्चला इजिप्तमध्ये राष्ट्रवादी नेते साद झगलुल यांना पकडून माल्टाला पाठवतात आणि देश बंद पडतो, विद्यार्थी, रेल्वे कामगार, वकील सगळे रस्त्यावर, १६ मार्चला कैरोत बायकांचा मोर्चा. भारतात मार्चमध्येच रौलट कायदा, ६ एप्रिलला हरताळ. ४ मेला बीजिंगमध्ये सुमारे ३००० विद्यार्थी तिआनानमेनपाशी जमतात, कारण शांतुंगमधले जर्मनीचे हक्क चीनला परत द्यायच्या ऐवजी पॅरिसने जपानला दिले.

वचनांची ओळ

तक्ता भरताना लाल पेनने एक वेगळी ओळ करा, युद्धाच्या काळात कुणी कुणाला काय कबूल केलं ती. माझं स्पष्ट मत आहे की ही ओळ नसेल तर ह्या काळाचा अभ्यास अर्धवट राहतो. युद्धाला माणसं लागली, पैसा लागला, तो वसाहतींनी दिला, एकट्या भारतातून १० लाखांहून जास्त लोक समुद्रापार गेले. आणि माणसं घेताना शब्द दिले गेले. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनना इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहन यांची पत्रं, अरबांच्या स्वातंत्र्याबद्दल. १९१६ मध्येच ब्रिटन-फ्रान्सचा साइक्स-पिको करार, त्याच प्रदेशाची गुपचूप वाटणी. २ नोव्हेंबर १९१७ ला बालफोर जाहीरनामा, त्यातल्याच पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याबद्दल. म्हणजे एका जमिनीचे तीन शब्द. भारताला ऑगस्ट १९१७ मध्ये ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यूंची घोषणा, टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ अशी.

आणि ८ जानेवारी १९१८ चे विल्सनचे १४ मुद्दे. इथे एक गोष्ट नीट तपासा, बऱ्याच नोट्समध्ये चुकीची असते. त्या १४ मुद्द्यांत "स्वयंनिर्णय" हा शब्दच नाही, तो ते पुढच्या महिन्यात, फेब्रुवारीच्या भाषणात वापरतात. पाचव्या मुद्द्यात वसाहतींबद्दल एवढंच आहे की तिथल्या लोकांच्या हिताला राज्यकर्त्या सरकारच्या दाव्याइतकंच वजन द्यावं. पण कैरो, सोल, दिल्ली, बीजिंगमध्ये लोकांनी ते शब्द स्वतःसाठी वाचले, आणि तसं वाचायचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

मग बघा कोण दारापर्यंत गेलं आणि त्याचं काय झालं. झगलुलना पॅरिसला शिष्टमंडळ न्यायचं होतं, शिष्टमंडळाला अरबीत वफ्द म्हणतात, त्यावरूनच वफ्द पक्षाचं नाव पडलं, म्हणजे ज्या प्रवासाला परवानगी नाकारली त्याच प्रवासाचं नाव पक्षाला मिळालं. आपल्याकडे डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळकांचं नाव दिलं होतं, टिळक तेव्हा चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पण परिषदेत भारताच्या नावाने बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. व्हिएतनामच्या वतीने न्गुयेन आय क्वोक, म्हणजे नंतरचे हो ची मिन्ह, आठ मागण्यांचा अर्ज घेऊन फिरत होते. तो अर्ज मिळवून नक्की वाचा. त्यात स्वातंत्र्य मागितलेलंच नाहीये! राजकीय कैद्यांना माफी, समान कायदा, छापायचं नि जमायचं स्वातंत्र्य, शाळा, फ्रेंच संसदेत प्रतिनिधी, एवढंच. एवढं साधं मागणं कुणी ऐकूनही घेतलं नाही, आणि तोच माणूस १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्ष उभा करतो. मागणी वाढत कशी जाते हे समजून घ्यायला ह्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

"स्वातंत्र्य" हा शब्द आला की तीन प्रश्न

ह्या काळात कागदावर बऱ्याच देशांना स्वातंत्र्य, स्वराज्य, सुधारणा असं काय काय मिळालेलं दिसतं आणि वाचणारा गोंधळतो. त्यासाठी प्रत्येक नोंदीपुढे तीन प्रश्न लिहा : तिजोरी आणि जकात कुणाच्या हातात, फौज कुणाची, आणि बाहेरच्या देशांशी बोलणार कोण. ह्या तीन उत्तरांत सगळं कळतं.

इजिप्त घ्या. २८ फेब्रुवारी १९२२ ला ब्रिटनने एकतर्फी जाहीर केलं की इजिप्त स्वतंत्र आहे. पण चार गोष्टी राखून ठेवल्या, साम्राज्याचे दळणवळणाचे मार्ग म्हणजे अर्थात सुएझ, देशाचं संरक्षण, परदेशी लोकांचं नि अल्पसंख्याकांचं रक्षण, आणि सुदान. आता तीन प्रश्न लावा, फौज अजून ब्रिटिश, कालवा अजून त्यांच्याकडे. म्हणून १९३६ चा करार करावा लागला आणि त्यानंतरही कालव्यावर ब्रिटिश सैन्य राहिलंच.

इराक १९३२ मध्ये राष्ट्रसंघाचा सभासद झाला, पण त्याआधीच १९३० च्या कराराने ब्रिटिश हवाई तळ पक्के झालेले. भारतात १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल पद्धत आली, शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हिंदी, म्हणजे भारतीय, मंत्र्यांकडे, आणि अर्थ, पोलीस, जमीन महसूल गव्हर्नरकडे. शाळा काढायची जबाबदारी एकाची आणि पैशाची चावी दुसऱ्याची, अशा मंत्र्याने करायचं काय.

चीनला लावून बघा, तिथे हे प्रश्न फार कामाला येतात. चीन वसाहत कधीच नव्हता, नकाशात त्याचा रंग वेगळा. पण आयातीवर साधारण ५ टक्क्यांपेक्षा जास्त जकात लावायचा अधिकार त्याला नव्हता, जकात खात्याचे वरचे अधिकारी परदेशी, शांघायमध्ये परकीयांची वेगळी वस्ती, वेगळी कोर्टं, वेगळे पोलीस. जकातीचा अधिकार १९२८ नंतर हळूहळू परत आला. म्हणून "वसाहत आहे का" एवढाच प्रश्न विचारून थांबू नका.

तुर्कस्तान हे ह्या सगळ्यातलं वेगळं उदाहरण. १९२० च्या सेव्हरच्या तहाने तुकडे केले होते, मुस्तफा केमालनी लढून तो तह फाडला आणि १९२३ मध्ये लोझानला नवा तह करून घेतला, परकीयांच्या खास सवलती रद्द झाल्या. तरी जकातीचे दर मात्र १९२९ पर्यंत गोठवलेलेच होते. जिंकलेल्या देशाचीही तिजोरी सहा वर्षं पूर्ण मोकळी नव्हती, हे मला फार बोलकं वाटतं.

कागदाची भाषा वाचायला शिका

मूळ कागद वाचायची सवय लावा, थोडे वाचा पण मूळ वाचा. सुरुवातीला राष्ट्रसंघाच्या घटनेचं २२ वं कलम घ्या, एक पानभर आहे. त्यात तुर्कस्तान आणि जर्मनीकडून काढून घेतलेल्या प्रदेशांबद्दल म्हटलंय की तिथले लोक "आधुनिक जगाच्या खडतर परिस्थितीत अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत" म्हणून त्यांची काळजी घेणं हे "संस्कृतीचं पवित्र कर्तव्य" आहे. आता पेन्सिल घेऊन त्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा, हे कोण ठरवतंय? पायावर उभं राहता येतं की नाही हे कुणी तपासलं? आणि किती वर्षांत येईल हे कुठे लिहिलंय का? मुदत लिहिलेलीच नाही. मुदत नसलेलं पालकत्व म्हणजे काय, हे सीरियाच्या लोकांना १९२० च्या जुलैमध्ये फ्रेंचांनी त्यांना हरवलं त्या मैसलूनच्या लढाईत कळलं, आणि १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेंच तोफांनी आणि विमानांनी दमास्कसवर मारा केला तेव्हा परत कळलं.

ह्या मॅन्डेटचे, म्हणजे राष्ट्रसंघाने असे सोपवलेल्या प्रदेशांचे, अ, ब, क असे तीन वर्ग होते, पाठ करायला सोपे. अ मध्ये अरब प्रदेश, ब मध्ये बहुतेक आफ्रिका, क मध्ये नैऋत्य आफ्रिका आणि पॅसिफिकमधली बेटं. ह्यावर जास्त वेळ घालवू नका, परीक्षेला एक मार्कापुरतं आहे.

खिशातून बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे सावकाश जा. सभा, ठराव, तह हे वरचं झालं. लाखो माणसं कामधंदा सोडून का निघाली हे समजायला त्यांच्या खिशात बघावं लागतं. प्रत्येक चळवळीसाठी एक वस्तू किंवा एक कर शोधा आणि त्याच्या मागे मागे जा.

आपलं मीठ तर माहितीच आहे, पण दांडीची तारीख पाठ करून पुढे जाऊ नका. १२ मार्च १९३० ला यात्रा निघाली, गांधीजी आणि निवडलेले ७८ जण, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. यात्रेच्या दहा दिवस आधीचं, २ मार्चचं व्हाइसरॉय आयर्विनना लिहिलेलं पत्र वाचा. "प्रिय मित्र" अशी सुरुवात, आणि पुढे चक्क हिशोब मांडलाय. तुमचा पगार महिना २१,००० रुपयांच्या वर, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांच्या वर, आणि भारतातल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांपेक्षा कमी, म्हणजे तुम्ही त्याच्या पाच हजार पटीहून कितीतरी जास्त घेता. साम्राज्यवादाची व्याख्या लिहा असं कुणी विचारलं तर मी हा हिशोब लिहीन. मीठ निवडलं कारण तो कर गरिबाला श्रीमंताइतकाच पडत होता, हवा नि पाण्यानंतर लागणारी वस्तू, हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या ताटातली. आणि ते एकटं नाही, जानेवारीतल्या ११ मागण्या बघा, शेतसारा निम्म्यावर आणा, लष्करी खर्च निम्मा करा, रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणा. गिरणीवाल्यापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या खिशाचं एकेक कलम त्यात आहे.

मग ते मीठ महाराष्ट्रात आणून बघा, शिरोड्याला, वडाळ्याला. जंगलाच्या भागात लोकांनी जंगल सत्याग्रह केला, बिळाशीला, चिरनेरला, कारण तिथे गवत नि लाकूड हाच मिठाचा प्रश्न होता. सोलापुरात मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार बाहेर पडले, लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं एका दमात वाचा, त्यातच चळवळीचा समाज दिसतो.

आता नायजेरिया. नोव्हेंबर १९२९, आग्नेय भागातलं ओलोको गाव. तिथे सरकारने नेमलेल्या मुखियाचा माणूस, एमेरेउवा, घरोघरी मोजणी करत फिरतोय. पुरुषांवर कर आधीच बसलाय, आता बायकांवर बसणार अशी कुजबुज आहे. न्वान्येरुवा नावाची बाई पामची फळं पिळून तेल काढतीये, हात तेलाने माखलेले, आणि हा येऊन म्हणतो तुझ्या बकऱ्या मोज, मेंढ्या मोज, माणसं मोज. ती उलट विचारते, तुझ्या आईला मोजलं होतं का? तिथे झटापट होते, ती बाजारात जाऊन बायकांना सांगते, आणि पामची पानं गावोगाव पाठवून निरोप पोचतो. पुढच्या काही आठवड्यांत हजारो बायका मुखियांच्या घरांपुढे ठिय्या देऊन गाणी म्हणतात, टोप्या काढून घेतात, सरकारी कोर्टं मोडतात. तिथल्या बायकांची अन्याय करणाऱ्या पुरुषाला वठणीवर आणायची ती जुनी रीत होती, तीच त्यांनी साम्राज्यावर वापरली. गोळीबारात ५० हून जास्त बायका गेल्या. पण बायकांवर कर बसला नाही, आणि पुढे सरकारला मुखिया नेमायची पद्धतच बदलावी लागली. राष्ट्रवादाच्या यादीत हे बहुतेक ठिकाणी नसतं कारण ह्यात पक्ष नाही, अध्यक्ष नाही, ठराव नाही. तुमच्या तक्त्यात मात्र घ्या.

तारीख बघितलीत ना, १९२९ ची अखेर. १९२९ ते १९३२ ह्या रकान्यांवर हलका रंग फिरवा, महामंदी. तिचं यंत्र समजून घ्या, सोपं आहे. शेतमालाचा भाव कोसळला, तांदूळ, पाम तेल, कापूस, रबर सगळ्याचा. कर मात्र रोख आणि ठरलेला, तो भावाबरोबर खाली येत नाही. म्हणजे काल एका पोत्यात भागणारा कर आज दोन पोती मागतो, कर्जाचंही तसंच. डिसेंबर १९३० मध्ये ब्रह्मदेशात थरावडी जिल्ह्यात साया सानचं बंड झालं त्याच्या मुळाशी हेच, पडलेला भाताचा भाव आणि माणशी कर. व्हिएतनाममध्ये १९३०-३१ मध्ये न्घे-तिन्हचे शेतकरी उठले ते पण ह्याच सुमाराला. मंदीचा धडा आणि राष्ट्रवादाचा धडा पुस्तकात वेगवेगळे असतात, तक्त्यावर ते एकमेकांवर येऊन पडतात.

गोळी कुणी झाडली

हा प्रश्न विचारायला जड जातं, पण विचारा. जालियनवाला बागेत बंदुका चालवणारे ५० सैनिक गुरखा आणि हिंदुस्थानी पलटणींतले होते. १९२० मध्ये इराकमध्ये बंड झालं ते मोडायला वापरलेलं सैन्य बहुतांश हिंदी. ३० मे १९२५ ला शांघायमध्ये ब्रिटिश इन्स्पेक्टरच्या हुकमाने जमावावर गोळ्या झाडणाऱ्या पोलिसांत शीख होते आणि चिनी पण होते. साम्राज्य असंच चालायचं, एका वसाहतीची माणसं दुसरीत, एका जिल्ह्याची दुसऱ्यात. म्हणून तक्त्यात प्रत्येक गोळीबारापुढे गणवेश कुणाचा ते लिहा.

ब्रह्मदेशाची ओळ भरताना तर आपल्याला अजून प्रामाणिक व्हावं लागतं. तिथला शेतकरी भारतातून गेलेल्या चेट्टियार सावकारांच्या कर्जात होता, मंदीत त्याची जमीन त्यांच्याकडे गेली, आणि मे १९३० मध्ये रंगूनच्या गोदीतल्या कामावरून ब्रह्मी आणि तेलुगू मजुरांत दंगल पेटली. तिथल्या राष्ट्रवादाला इंग्रज जसा परका तसा हिंदी माणूसही परका वाटत होता. हे वगळून लिहिलेला इतिहास आपल्याला बरा वाटेल पण खरा होणार नाही.

धागे जोडा

आता वेगळ्या रंगाने ओळींच्या मधून तिरक्या रेघा मारा, एका देशातली घटना दुसऱ्याला कुठे लागते त्या. सगळ्यात ठळक रेघ तुर्कस्तान ते भारत. खलिफापद वाचावं म्हणून इथे खिलाफत चळवळ, ती असहकाराबरोबर जोडली गेली, १९२०-२२ ची एकी त्यातून आली, आणि ३ मार्च १९२४ ला खुद्द अंकाराच्या संसदेने खलिफापद बरखास्त केलं. इथल्या चळवळीचा पायाच तिथल्या राष्ट्रवाद्यांनी काढून घेतला. दुसरी रेघ फेब्रुवारी १९२७ च्या ब्रुसेल्सची, साम्राज्यवादविरोधी परिषद, तिथे नेहरू, इंडोनेशियाचे हट्टा, अल्जीरियाचे मेसाली हाज, सेनेगलचे लामिन सेंगोर एका छताखाली. तिसरी इथिओपियाची, ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीने हल्ला केला आणि ३० जून १९३६ ला सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हात उभे राहून बोलले, आणि राष्ट्रसंघाने आधी लावलेले अपुरे आर्थिक निर्बंधही मागे घेतले. २२ व्या कलमातलं "पवित्र कर्तव्य" आठवून ही नोंद त्याच्या शेजारी ठेवा.

एक सांभाळायचं. "राष्ट्रवाद" हा एकच शब्द ह्या वीस वर्षांत दोन उलट गोष्टींना लावतात. मुसोलिनी, हिटलर, मांचुरिया घेणारं जपानी लष्कर हे पण स्वतःला राष्ट्रवादीच म्हणवत होते. फरक कसा करायचा? आपल्या घरात आपला हक्क मागतोय, की दुसऱ्याच्या घरात शिरतोय, एवढं बघा. आणि ज्या चळवळी हक्क मागत होत्या त्यांनाही विचारा की तुमच्या "आम्ही"मध्ये कोण कोण आहे. इजिप्तमध्ये १९१९ ला बायका मोर्चात पुढे होत्या, १९२३ च्या राज्यघटनेने त्यांना मत दिलं नाही, त्याच वर्षी हुदा शारावींनी स्त्रियांची वेगळी संघटना काढली. आपल्याकडे २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, इंग्रजाविरुद्ध नव्हे, शेजाऱ्याविरुद्ध. दांडीच्या मिठाच्या तीन वर्षं आधीचं हे पाणी आहे, दोन्ही एकाच ओळीत लिहा.

उत्तर किंवा लेख लिहिताना

तक्ता झाला की लिहिणं सोपं जातं. देशांची यादी करत उत्तर लिहू नका, परीक्षकाने ती शंभर वेळा वाचलेली असते. एक महिना निवडा किंवा एक कर निवडा, तिथून सुरुवात करा, मग वचन काय होतं ते, मग तीन प्रश्नांची उत्तरं, मग खिसा. दोनच देश घ्या पण एकमेकांशेजारी घ्या, म्हणजे इजिप्त नि भारत, किंवा कोरिया नि चीन. तारीख लिहिली की ती तिथे का आहे हे त्याच वाक्यात यायला हवं, नाहीतर ती काढून टाका. आणि "ब्रिटिशांनी", "जपानने" असं मोघम लिहिण्यापेक्षा कुठल्या कायद्याने, कुठल्या तहाने ते लिहा, वजन येतं.

सगळ्यात शेवटी तक्त्याचा उजवा कडेचा रकाना भरा. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, १९१४ सारखंच. पण १४ सप्टेंबरला काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव आला, की हे युद्ध लोकशाहीसाठी आहे म्हणता तर तुमचे हेतू आधी स्पष्ट सांगा, आणि ते भारताला आत्ता कसे लागू होणार तेही सांगा. समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. हा ठराव उतरवून घ्या आणि त्याच्यापासून थेट डावीकडच्या टोकाला, त्या लाल ओळीतल्या वचनांपर्यंत, एक लांब रेघ ओढा.